घटाच्या बुडावरचा नंबर

अन्याय झाला तो अमेरिकेच्या मूळनिवासी चेरोकी लोकांवर, आणि तारीख आहे २६ मे १८३८. त्या दिवशी जॉर्जियातल्या चेरोकी वस्त्यांमध्ये सैनिक शिरले आणि बंदुकीच्या धाकानं माणसांना घराबाहेर काढायला सुरुवात झाली. म्हातारी, बाळंतिणी, तान्ही पोरं, सगळी. आधी कुंपणाच्या छावण्यांत कोंडली, मग पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमाकडे शेकडो मैल नेली. हजारो लोक त्यात मेले. त्याच्या सहा वर्षं आधी, १८३२ साली, सरकारनं त्यांची जमीन सोडतीत वाटून टाकली होती, ते लोक त्या जमिनीवर राहत असताना. सोडत म्हणजे अक्षरशः सोडत, आपल्याकडे सरकारी घरांची निघते तशी. चिठ्ठी निघेल त्या गोऱ्याचं शेत. अटलांटाच्या या उपनगरात, अल्फारेटात, ज्या जमिनीवर आपण टाउनहोम घेतो आणि वास्तुशांत करतो, ती जमीन त्यांची होती.

इथल्या मराठी मंडळाच्या संपादकांनी मला बजावलं होतं, "सई, दिवाळी अंक आहे, जरा पॉझिटिव्ह लिही हं." लिहितेय. पण तारीख शेवटच्या परिच्छेदात ठेवली तर तिथवर कुणी येत नाही, हे मी पत्रकं वाटताना शिकले आहे.

नोकरीबद्दलचे असे लेख लोक निवृत्तीनंतर लिहितात. शाल, श्रीफळ, मग आठवणी. मी एकोणतीस वर्षांची आहे आणि माझ्याकडे सांगण्यासारखी एकच नोकरी आहे, तीही चालू. पण जे सांगायचंय ते निवृत्तीपर्यंत थांबणारं नाही.

काम काय, ते आधी सांगते, कारण मंडळात कुणालाच कळत नाही. "म्युझियममध्ये असते" एवढंच सगळ्यांना माहीत. मी अटलांटाजवळच्या एका विद्यापीठात काम करते. नाव देत नाही, कारण जे सांगणार आहे ते तिथलं एकट्याचं पाप नाही. या देशातल्या कितीतरी विद्यापीठांनी शंभरएक वर्षं मूळनिवासी लोकांच्या कबरी उकरल्या. हाडं, मडकी, मण्यांच्या माळा खोक्यांत भरल्या आणि तळघरात ठेवल्या. अभ्यासासाठी. १९९० साली कायदा झाला की हे मोजा, कुणाचं आहे ते त्या त्या जमातीला विचारा आणि त्यांना हवं असेल तर परत द्या. तेव्हा मी जन्मलेही नव्हते, आणि अजून मोजणी चालू आहे. ती मोजणी मी करते. जुनी कार्डं वाचायची, खोकी आणि कार्डं जुळवायची, जुळलं नाही तर शोधायचं.

ही खोकी ठेवलेल्या आमच्या खोलीत आम्ही "अवशेष" म्हणत नाही, "माणसं" म्हणतो. तिथे फोटो काढायचा नाही, कॉफी न्यायची नाही, मोठ्यानं हसायचं नाही. प्लॅस्टिक काढून मलमलीचं कापड वापरायचं. खोकं उघडायच्या आधी जमातीच्या ऑफिसला कळवायचं. यातला शेवटचा नियम सगळ्यात महत्त्वाचा, आणि हा लेख मी तो मोडल्याबद्दल आहे.

पुण्यात कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचे. फीवाढ, हॉस्टेल, धरणग्रस्त. एक पान, तीन मागण्या, आणि खाली "असे न झाल्यास होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील." ते वाक्य लिहिताना जो आनंद व्हायचा तो अजून कशात होत नाही. कॅम्पसवर आले तेव्हा मला वाटलं, हे तर माझंच क्षेत्र. इथेही अन्याय आहे, प्रशासन आहे, मागण्या आहेत.

पहिल्या सहा महिन्यांत एक समारंभ झाला. हल्ली इथे कार्यक्रमाच्या सुरुवातीला एक निवेदन वाचतात, ही जमीन अमुक लोकांची होती असं. आमच्या डीनसाहेबांनी ते वाचलं आणि भावनेच्या भरात शेवटी स्वतःचं एक वाक्य जोडलं, "ही भूमी आम्हाला दिल्याबद्दल आम्ही चेरोकी लोकांचे ऋणी आहोत." पहिल्या रांगेत पाहुणी म्हणून लोरेन बसली होती. लोरेन चेरोकी आहे, ओक्लाहोमात जमातीच्या ऑफिसात काम करते, आणि असली खोकी परत आणणं हेच तिचं काम. पन्नाशी उलटलेली, पांढरी वेणी, पायात पुरुषी बूट. प्रश्नोत्तरांत तिनं हात वर केला.

"एकच विचारायचंय," ती म्हणाली. "दिली कधी?"

डीन हसले, सगळे हसले. लोरेन हसली नाही. हात वरच ठेवून बसली. शेवटी डीनना "नाही, म्हणजे, घेतली" असं माइकवर म्हणावं लागलं. मग तिनं हात खाली घेतला.

मी त्या बाईच्या प्रेमातच पडले. चहापानात तिला गाठलं आणि धडाधड बोलत सुटले. माझ्या आजीचं गाव धरणात गेलं, आम्हीही विस्थापित, तुमचं दुःख मला कळतं, वगैरे. बोलता बोलता "आन्टी" म्हणून गेले.

"मी कुणाची आन्टी आहे ते मला माहीत आहे," लोरेन म्हणाली. "मला लोरेन म्हण. तुझी आजी कुठे आहे आता?"

"वारली. दहनच केलं, आमच्यात तसं करतात."

"कवटी कुणी नेली?"

"म्हणजे?"

"कुणी नेली नाही ना? मग आपलं सारखं नाही. धरणाचं वाईट वाटलं मला. पण सारखं नाही." आणि प्लेटमधली बिस्किटं रुमालात बांधून ती विमानतळावर गेली.

मी रात्रभर चरफडले. आता वाटतं, नोकरीतलं पहिलं शिक्षण ते.

सारखेपणाची ही खाज आपल्या लोकांना फार. पुढच्याच वर्षी आपल्या मराठी विद्यार्थ्यांच्या गटानं मला मेसेज केला: मूळनिवासी दिनाला आम्ही लेझीम करतो ना यार, 'इंडियन्स टू इंडियन्स' असा बॅनर लावू, किती क्यूट. मी उत्तर दिलं, त्या दिवशी कॅम्पसवर खुर्च्या उचलायला माणसं हवी आहेत, लेझीम नको. दहा जणांपैकी दोघं आली. त्या दोघांना लोरेननं नावानं हाक मारून जेवायला बसवलं. बाकीचे आठ मला अजून "नेगेटिव्ह ताई" म्हणतात.

आता खरी गोष्ट.

आमच्या खोलीत एका फळीवर एक बाई होती. नाव माहीत नाही, आणि मी ठेवणार नाही. तिला तिच्या लोकांनी जमिनीत ठेवलं ते १८३८ च्या आधी. मग लोकांना हाकललं, आणि कबरी सोबत नेता येत नाहीत. पुढे त्या खोऱ्यात धरण आलं. पाणी चढण्याआधी विद्यापीठाचे प्राध्यापक विद्यार्थी घेऊन गेले आणि भराभर उकरून आणलं. त्यांच्या हस्ताक्षरातलं कार्ड माझ्याकडे होतं: "प्रौढ स्त्री. काचेचे मणी. मडके एक, डाव्या हाताशी." शेजारी नंबर. मणी होते. मडकं नव्हतं.

असं खूपदा होतं. कार्ड म्हणतं आहे, फळी म्हणते नाही. आमच्या यादीत त्याला रकानाच आहे, "ठिकाण अज्ञात". लोरेनला मी हे फोनवर कळवलं. ती म्हणाली, "ते तिच्या हाताशी दिलं होतं. कुणीतरी विचार करून दिलं होतं. शोध."

आमच्या खोलीतल्या सगळ्यांना एकाच दिवशी परत जमिनीत ठेवायचं ठरलं. दिवस त्यांच्या ज्येष्ठांनी ठरवला. कसा ठरवला ते मला माहीत नाही आणि तो माझा प्रश्न नाही. जागा सरकारकडून खटपटीनं मिळवलेली, ओक्लाहोमाहून म्हातारी माणसं दोन गाड्यांतून येणार. तो शनिवार नवरात्रातला होता.

मी हात धुऊन मागे लागले. कपाटं, जुने वर्ग, प्रयोगशाळा. तेव्हा एका जुन्या कारकूनबाईनं सांगितलं की ते प्राध्यापक निवृत्त होताना बऱ्याच वस्तू घरी घेऊन गेले होते. "आठवण म्हणून." प्राध्यापक वारले होते. घर विकलं गेलं होतं, आणि त्याआधी घरातल्या सामानाची विक्री झाली होती, ज्याला इथे इस्टेट सेल म्हणतात. ते घर अल्फारेटाच्या शेजारच्या गल्लीत होतं. आता अल्फारेटातल्या इस्टेट सेलला शनिवारी सकाळी सात वाजता रांगेत कोण उभं असतं, हे मी आपल्याच माणसांना सांगायला नको.

म्हणून मी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोस्ट टाकली. जुनं, न रंगवलेलं मातीचं मडकं, बुडाला पांढऱ्या पट्टीवर काळ्या शाईत नंबर. म्युझियमवाले असाच नंबर घालतात, पांढरा लेप, शाई, वरून वार्निश, म्हणजे पाण्यानं जात नाही. कुणाकडे असल्यास कळवा. त्यावर एकवीस अंगठे आले, दोन "प्राउड ऑफ यू बेटा", आणि एका काकांनी लगेच खाली ढोकळ्याची ऑर्डर टाकली.

घटस्थापना रविवारी झाली. सोमवारी सकाळी शिंदे काकूंचा फोन. (नाव बदललंय. छापायची परवानगी काकूंनी दिली आहे, आणि काकांनी "लिही, लिही, तसंही लिहिणारच आहेस" अशी.)

"सई, तुझं ते मडकं," काकू दबक्या आवाजात म्हणाल्या. "अगं, आमच्याकडे आहे वाटतं. आमच्या रियानं काल आरतीनंतर खाली वाकून मोबाइलचा दिवा लावून बघितलं. बुडाच्या कडेला, मातीच्या जरा वर, आकडे दिसतात."

माझ्या पायाखाली स्प्रिंग बसवल्यासारखं झालं. "काकू! कुठे आहे? शोकेसमध्ये?"

"देव्हाऱ्यात. घट बसवलाय त्याचा."

ज्यांच्या घरी घट बसत नाहीत त्यांच्यासाठी: पत्रावळीवर काळी माती पसरायची, त्यात धान्य पेरायचं, मधे पाण्यानं भरलेला मातीचा घट ठेवायचा. घट पाझरतो, माती ओली राहते, नऊ दिवसांत हिरवं तरारून वर येतं. रोज एक माळ. आणि नऊ दिवस घट हलवायचा नाही. काही झालं तरी हलवायचा नाही.

"इथे दुकानात सगळी चकचकीत मडकी मिळतात गं, पाझरतच नाहीत," काकू सांगत होत्या. "तांब्याच्या कलशावर चार वर्षं काढली, धान कधी नीट आलं नाही. हे काकांनी सेलमधून आणलं आणि काय सांगू, पहिल्याच वर्षी वीतभर धान! मी म्हटलं, देवीनंच पाठवलं. आता पाच वर्षं हाच घट." मग थांबून, "कबरीतलं आहे का गं ते? रिया म्हणते कबरीतलं आहे."

या क्षणी मी काय करायला हवं होतं, ते वर लिहिलंय. कुठलंही खोकं उघडायच्या आधी कळवायचं. लोरेनचा नंबर माझ्या फोनमध्ये पहिला आहे. मी तो लावला नाही. मला ते मडकं शनिवारी स्वतःच्या हातांनी लोरेनच्या हातात द्यायचं होतं. "शोध" म्हणाली होती ना, हे घे, शोधलं. बिस्किटं बांधून निघून गेली होती, आता बघू दे. एवढीच माझी लायकी.

संध्याकाळी मी शिंद्यांकडे. समई तेवत होती, झेंडूची दुसरी माळ, आणि मधे ती. म्हणजे तिचं मडकं. अंगावर हळदीकुंकवाची बोटं, तोंडावर आंब्याची पानं कुठली मिळायला, तिथे मॅग्नोलियाची पानं खोचलेली, वर नारळ. बाहेरून सगळं ओलं, काळपट. पावणेदोनशे वर्षं जमिनीत आणि कपाटात राहिलेली भाजलेली माती पाण्यात भिजत होती. पण खरं सांगते, सुंदर दिसत होतं. कुणीतरी रोज त्याच्यापुढे हात जोडत होतं. आमच्या खोलीत ते असतं तर बारकोड लागला असता.

काका सोफ्यावर. मी मुद्दे सांगितले, एक दोन तीन. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे बघ सई, मी काही कुणाची कबर खणली नाही. रीतसर विकत घेतलंय. आणि आपण काय यांचं वाकडं केलंय? आपण स्वतः दीडशे वर्षं गुलामीत होतो."

"मागच्या महिन्यात ग्रुपवर तुम्हीच टाकलं होतं ना काका, आपल्या मंदिरातल्या मूर्ती अमेरिकेनं परत केल्या म्हणून? सोळा झेंडे लावले होते."

"त्या चोरीच्या होत्या."

"आणि हे?"

"हे मी घेतलंय."

"त्या म्युझियमनंही घेतल्याच होत्या काका. रीतसर."

रिया स्वयंपाकघरातून ओरडली, "डॅड, शी गॉट यू!" काकांना हसू आलं. खरंच आलं. मिशीत दाबत होते. काकू हळूच म्हणाल्या, "दसऱ्याला घट हलला की लगेच देऊ, काय हो?" आणि काकांनी मान हलवायला सुरुवात केली होती. दसऱ्याला म्हणजे शनिवार उलटून जाणार होता, पण तिथून पुढे बोलता आलं असतं. चहा घेत घेत, काकूंना विश्वासात घेत. शनिवारी काय आहे ते नीट समजावून.

मी काय केलं? उभी राहिले आणि म्हणाले, "दसरा? एका बाईच्या हातातून ओरबाडलेल्या, चोरीच्या मालात तुम्ही देव बसवलाय, आणि वर मुहूर्त बघताय?"

काकूंचा चेहरा. तो मला अजून दिसतो. काकांनी नाही, काकूंनी पदरानं डोळे टिपले आणि समईत तेल घालायला वळल्या.

"ऊठ," काका म्हणाले. "चहा प्यायचा असेल तर पी आणि ऊठ. घट दसऱ्यापर्यंत हलणार नाही."

शहाणी असते तर त्या रात्री तरी लोरेनला फोन केला असता. मी मंगळवारी काकांना ईमेल लिहिली. एक पान, तीन मागण्या. आणि खाली, हो, तेच वाक्य: "असे न झाल्यास विद्यापीठाचे वकील पुढील कार्यवाही करतील." विद्यापीठाच्या वकिलांना यातलं काही माहीत नव्हतं. परत देण्याचा कायदा विद्यापीठाला लागू आहे, काकांच्या दिवाणखान्याला नाही, हेही मला माहीत होतं. काकांनी मला ब्लॉक केलं. बुधवारी काकूंना फोन केला, उचलला नाही. गुरुवारी मी त्यांच्या गल्लीतून दोनदा गाडी नेली, थांबायची हिंमत झाली नाही. घट भिजत होता.

शुक्रवारी दुपारी लोरेन आली. दोन गाड्या, सात ज्येष्ठ, सगळे थकलेले. आमच्या खोलीतून एकेक खोकं त्यांच्या हाती देताना तिनं कार्डावर नजर टाकली आणि विचारलं, "मडकं?"

मग मी सांगितलं. सगळं. घट, धान, नऊ दिवस. मला वाटलं भडकेल. तिनं विचारलं, "तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार आहे."

"मला वाटलं, मीच..."

"हो, तुला वाटलं." तिनं चष्मा काढून पुसला. "त्या बाईनं तुला आपणहून फोन केला होता ना? घरात देवापाशी ठेवलंय म्हणतेस. रोज फुलं घालते म्हणतेस. मला सोमवारी सांगितलं असतंस तर मी त्या बाईशी बोलले असते. मी अशा बायकांशी बोलते. माझं कामच ते आहे. तुझं काम मला सांगायचं होतं."

तिनं लगेच काकूंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा. पुन्हा. काकू त्या संध्याकाळी मंडळाच्या भोंडल्याला गेल्या होत्या, फोन पर्समध्ये, पर्स खुर्चीवर, आणि सगळ्या जणी हत्तीभोवती फेर धरून गात होत्या. मी त्या हॉलपर्यंत गाडी काढून जाऊ शकले असते. लोरेननं "नको" म्हटलं. "तुझं आता पुरे." तिनं एक निरोप ठेवला. इंग्रजीत, सावकाश, काय म्हणाली ते मी ऐकलं नाही. ती मुद्दाम बाहेर जाऊन बोलली.

शनिवारी सकाळी पुरण्याच्या जागी आम्हाला विद्यापीठवाल्यांना बोलावलं नव्हतं, आणि ते बरोबरच. आम्ही तीन मैलांवर एका चर्चच्या पार्किंगमध्ये रिकामी गाडी घेऊन थांबलो. जागा सांगणार नाही. सांगितली की कुणीतरी फावडं घेऊन पोचेल.

आठ वाजता काकूंचा फोन. "सई, आत्ता बघितला गं मेसेज. त्या बाईंचा." रडत होत्या. "मी हलवला घट. आंघोळ केली, देवीला नमस्कार केला आणि हलवला. पाणी झाडाला घातलं. पुसू नका म्हणाल्या त्या, तर पुसला नाही. निघालो आम्ही. काका ड्राइव्ह करतायत. कुठे यायचं?"

तिथवर तीन तास लागतात. मी लोरेनला फोन लावत राहिले, तो बंद होता, आणि बोलावल्याशिवाय त्या जागी जायचं नव्हतं. साडेअकराला त्यांची गाडी चर्चच्या आवारात वळली. काकूंच्या मांडीवर मडकं, सुती नऊवारीत गुंडाळलेलं. हळदीकुंकवाची बोटं तशीच. त्याच वेळी समोरून लोरेन आणि ज्येष्ठांच्या गाड्या परत येत होत्या. बुटांना लाल माती. झालं होतं.

काका पुढे झाले. इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, माफ करा. आधी कळलं असतं तर..." आणि अडखळले, कारण सोमवारीच कळलं होतं.

काकूंनी मडकं पुढे केलं. लोरेननं ते दोन्ही हातांनी घेतलं, छातीशी धरलं. बुडाशी एक बारीक तडा गेला होता, पाण्यानं. तिनं अंगठा त्यावरून फिरवला.

"तिच्याजवळ ठेवता येईल ना?" काकूंनी मला मराठीत विचारलं. मी भाषांतर केलं.

"नाही," लोरेन म्हणाली. "तिला आता पुन्हा उठवायचं नाही. कुणीच नाही."

काकू गाडीला टेकून रडल्या. काका घाम पुसत उभे. लोरेननं मडकं एका ज्येष्ठ बाईंकडे दिलं, काकूंपाशी आली आणि म्हणाली, "तुमचा नियम मोडून आलात. मला माहीत आहे त्याला काय लागतं." माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. गाडीत बसताना फक्त, "यादी पूर्ण कर," एवढंच म्हणाली.

मडकं आता ओक्लाहोमात लोरेनच्या ऑफिसात एका कपाटात आहे. त्या बाईच्या डाव्या हाताशी नाही. ते तिथे पोचायला फार तर पाच दिवस हवे होते, आणि ते पाच दिवस ना १८३८ च्या सैनिकांनी घालवले, ना धरणानं, ना त्या प्राध्यापकांनी. एका मराठी मुलीला शाबासकी हवी होती, म्हणून गेले. विद्यापीठाच्या मासिकात "हरवलेले मडके सापडले" अशी बातमी येणार होती, मला दोन ओळी मागितल्या. मी ही गोष्ट दोन ओळींत लिहून पाठवली. त्यांनी छापली नाही. काका आता ग्रुपवर मूर्तींचे फॉरवर्ड टाकत नाहीत. काकूंनी यंदा तांब्याचा कलश बसवला, धान म्हणे पुन्हा विरळच आलं. मला त्यांनी माळेला बोलावलं होतं. गेले. चहा प्यायले.

आमच्या यादीत "ठिकाण अज्ञात" रकान्यात अजून पानंच्या पानं आहेत. त्या वस्तू हवेत विरलेल्या नाहीत. त्या घरांमध्ये आहेत. आणि यातली बरीच घरं आता आपली आहेत.

म्हणून हा अंक बाजूला ठेवा आणि उठा. शोकेस उघडा. इस्टेट सेलमधून, गराज सेलमधून आणलेलं प्रत्येक जुनं मडकं उलटं करून बुड बघा. डेक बांधताना, स्विमिंग पूल खणताना सापडलेली दगडी बाणाची टोकं मुलांच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी डब्यात घालून ठेवली असतील, तो डबा काढा. धुऊ नका, पुसू नका, फोटो ग्रुपवर टाकू नका. मला कळवू नका, मंडळाला कळवू नका, मुहूर्त बघू नका. तुमचं घर ज्यांच्या जमिनीवर आहे त्या जमातीच्या ऑफिसचा नंबर शोधा, तो पाच मिनिटांत सापडतो, आणि आज फोन करा. काय आहे आणि कुठे आहे एवढं सांगा. मग गप्प बसा, आणि ते सांगतील तसं, सांगतील तेव्हा करा.